ब्रोकन हिलला मुक्काम करावा का? (सिडनी ते अ‍ॅडलेड, तंबू, दोन मुलं आणि आई)

वर्धाकाठ | 3 मार्च

मंडळी, एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत सिडनीहून अ‍ॅडलेडला गाडीनं जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा आणि चंद्रपूरहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई, वय 69. बहुतेक रात्री तंबूत, मधे एखादी केबिनमध्ये. रस्ता बॅरियर हायवेचा: डबो, निंगन, कोबार, विल्कॅनिया, ब्रोकन हिल.

घोडं ब्रोकन हिलला अडलंय. नवऱ्याचं म्हणणं, खाणीचं गाव ते, रात्र काढू आणि सकाळी निघू. मला तिथे किमान तीन रात्री हव्यात.

कारण सांगते. माझे बाबा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते. आमचं सगळं लहानपण कॉलनीत गेलं. भोंगा झाला की घड्याळ बघायची गरज नसायची. बाबा तिसऱ्या पाळीला असले की आई दिवसा कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. माझ्या मुलांना यातलं काहीच माहीत नाही. "आजोबा कोळशाच्या खाणीत होते" एवढं एक वाक्य त्यांना येतं. चंद्रपूरला गेलो तेव्हा खाण आतून दाखवता आली नाही, तिथे पाहुण्यांना खाली सोडत नाहीत. ब्रोकन हिलजवळच्या एका जुन्या खाणीत मुलांनाही उतरता येतं असं वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

तर तीन दिवस मुलं रमतील का? आईला झेपेल का? तंबू कुठे टाकावा? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

बारका_प्रवासी

तीन रात्री थांबाच. आम्ही एकच रात्र थांबलो आणि त्याची हळहळ अजून आहे. पोचेपर्यंत अंधार पडला आणि लिव्हिंग डेझर्टची शिल्पं राहिली ती राहिलीच. गावापासून 9 किमीवर एका टेकडीच्या माथ्यावर वालुकाश्मातली 12 शिल्पं आहेत. 1993 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शिल्पकारांनी तिथेच बसून घडवलेली. मावळतीचं ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा बघायची असतात.

त्याच राखीव क्षेत्रात तंबूची जागा आहे. वीज नाही, बुकिंग आधी करावं लागतं. पहिली रात्र गावात काढून अंग शेकून घ्या, मग दोन रात्री तिकडे.

शिंपला

मी वेगळं मत देते, राग मानू नका. सिडनीहून ब्रोकन हिल साधारण 1,150 किमी. कोबार ते ब्रोकन हिल 450 किमीच्या वर आणि मधे फक्त विल्कॅनिया. आठ वर्षांचं मूल आणि 69 वर्षांच्या काकू गाडीत इतका वेळ बसणार आणि खिडकीतून बघणार काय, तर लाल माती. त्यापेक्षा किनाऱ्यानं जा. दर तासाला थांबायला गाव, बाग, बाथरूम. सुट्टीत आईंना सुख द्यायचं की प्रवासाची शिक्षा?

अ‍ॅडलेडकर

शिंपलाताई, अंतराबद्दल सहमत. लाल मातीबद्दल मात्र नाही. :)

वर्धाकाठ, आम्ही दर दोन वर्षांनी उलट बाजूनं जातो, त्या अनुभवातून सांगतो.

पहिलं म्हणजे घड्याळ. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची, सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. या गावाचं सगळं दळणवळण आधीपासून अ‍ॅडलेडकडे. खनिज रेल्वेनं पोर्ट पिरीच्या भट्टीकडे जायचं. सिडनीकडून सलग रेल्वे यायला 1927 उजाडलं, तोवर गावाला अ‍ॅडलेडच्या घड्याळाची सवय लागली होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारी उन्हाळी वेळ संपते. त्यानंतर तिथे भारतापेक्षा बरोबर 4 तास पुढे. आईंना चंद्रपूरला फोन करताना हिशेब सोपा.

दुसरं, संध्याकाळी पाचनंतर हायवेवर राहू नका. कांगारू, इमू आणि त्या पट्ट्यात रानशेळ्यांचे कळपच्या कळप रस्त्यावर असतात. भाड्याची गाडी असेल तर विम्याचे कागद नीट वाचा. गावाबाहेर रात्री चालवलेली गाडी अनेक करारांत विम्यात बसत नाही.

तिसरं, रोड ट्रेन. ट्रकला मागे दोन-तीन डबे जोडलेले असतात. ओलांडायची घाई करू नका. समोरून आली तर स्टिअरिंग घट्ट धरा, हवेचा झोत गाडीला ढकलतो. यूएचएफ रेडिओ असेल तर 40 नंबरवर ट्रकवाल्यांचं बोलणं ऐकू येतं, मुलांचा वेळ छान जातो.

आणि फळमाशी. अ‍ॅडलेडकडे निघाल्यावर ऊडला विराला तपासणी नाका लागतो. लिंबू, टोमॅटो, मिरची आधीच संपवा. आमची एकदा अर्धा किलो हिरवी मिरची तिथल्या पिंपात गेली होती.

खडकपारखी

सहमत. विषय माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

1883 साली चार्ल्स रॅस्प नावाचा माणूस माउंट गिप्स या मेंढ्यांच्या कुरणावर कुंपणाची राखण करायचा. तिथल्या काळ्या, दातेरी टेकडीत कथिल असावं असं त्याला वाटलं. सात जणांनी मिळून जागेवर हक्क सांगितला. कथिल नव्हतंच. निघालं शिसं, जस्त आणि चांदी. 1885 मध्ये त्यातून ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली, तीच आजची बीएचपी. त्या कंपनीनं गावातलं खाणकाम 1939 मध्ये थांबवलं, पण नावातलं गाव काही सुटलं नाही. ज्या 'तुटक्या टेकडी'वरून नाव पडलं ती टेकडी आता नाही, खणून संपली. तिच्या जागी गावाच्या मधोमध काढलेल्या दगडाचा लांबलचक डोंगर आहे.

मुलांना सांगण्यासारखं: खनिजाची शीर बूमरँगच्या आकाराची आहे, साधारण 7 किमी लांब. मधला भाग वर आला होता म्हणून माणसाला दिसला, दोन्ही टोकं खोल खाली जातात. खडकाचं वय 160 कोटी वर्षांहून जास्त. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, हातात घ्यायला लावा. चमकदार, चौकोनी ठोकळे फुटतात आणि वजन अंदाजापेक्षा कितीतरी जास्त भरतं. शिसं आहे ना ते. चांदी त्यातच लपलेली असते.

जस्ताची गोष्ट त्याहून भारी. सुरुवातीला जस्त वेगळं काढता यायचं नाही, त्यामुळे ते गाळाबरोबर टाकून द्यायचे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच फेसावर तरंगवण्याची पद्धत विकसित झाली. दगडाचं पीठ पाण्यात घालायचं, थोडं तेल घालायचं, हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती खाली बसते. आज जगभर तांबं, शिसं, जस्त याच पद्धतीनं वेगळं करतात. टाकलेल्या ढिगातून पुन्हा संपत्ती निघाली.

जाता जाता, गावातल्या रस्त्यांची नावं आर्जेंट, ऑक्साईड, क्लोराईड, ब्रोमाईड, आयोडाईड, सल्फाईड, कोबाल्ट. मुलीला दहावीच्या रसायनशास्त्राची आत्तापासून तयारी.

चिंगी_आणि_मी

"आर्जेंट रस्त्यावर अर्जंट काम आहे, लवकर चला," असं आमची चिंगी तिथे तीन दिवस म्हणत होती.

पानगळ

कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. तिथल्या मातीत शिसं आहे. मुलांच्या रक्तात शिसं सापडतं म्हणून सरकारला वेगळा कार्यक्रम चालवावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाला जमिनीवर तंबूत झोपवायला तिथे न्यायचं? मी नेलं नसतं.

निशिगंधा

पानगळ, काळजी रास्त आहे. मी जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे, म्हणून थोडं नीट लिहिते.

शिशाचा त्रास वाढत्या मेंदूला होतो आणि सगळ्यात जास्त धोका पाच वर्षांखालच्या मुलांना, कारण ती रांगतात आणि हात तोंडात घालतात. ऑस्ट्रेलियात रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं आलं की कारण शोधायला सांगतात. ब्रोकन हिलमध्ये जन्मलेल्या, रोज त्या धुळीत खेळणाऱ्या मुलांसाठी हा खरा आणि जुना प्रश्न आहे, तिथले पालक वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडतायत. दोन-तीन दिवसांच्या पाहुण्याची गोष्ट वेगळी. तरीही तिथली माणसं स्वतः जे पाळतात ते पाळा. खाण्याआधी हात धुवायचे, सॅनिटायझर पुसून चालत नाही, पाणी आणि साबणच हवा. बूट तंबूच्या बाहेर. जमिनीवर पडलेला खाऊ उचलून खायचा नाही. पत्र्यावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी प्यायचं नाही, नळाचं प्यायचं. चटई ओल्या फडक्यानं पुसायची. धाकटं बाळ असतं तर मी केबिनच घ्या म्हटलं असतं.

पानगळ

धन्यवाद डॉक्टर. बाळ रांगतंय माझं, म्हणून जरा जास्तच घाबरले असेन. ते चालायला लागलं की जाऊ.

डिचोलीकर

धुळीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालायचे तेव्हा अंगणातली तुळस लाल, दोरीवरचं धुतलेलं धोतर लाल, नाकातून निघणारं पाणी लाल. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, 2018 मध्ये परत थांबल्या. धूळ गेली आणि तिच्याबरोबर गावातली निम्मी पोरं कामासाठी बाहेर गेली. दोन्ही दुःखं मी पाहिली आहेत. त्यामुळे खाणीचं गाव म्हणजे 'बघण्यासारखं काही नाही' हे वाक्य मला लागतं. ब्रोकन हिलवाल्यांनी धुळीचं काय केलं ते कुणाला माहीत आहे का?

अ‍ॅडलेडकर

आहे. पूर्वी भट्ट्यांसाठी आणि खाणीत आधाराला लावण्यासाठी आजूबाजूची सगळी झाडं तोडली, उरलेलं शेळ्या-सशांनी खाल्लं. मग वाळूची वादळं यायची, कुंपणं गाडली जायची. अल्बर्ट मॉरिस नावाचा गावातलाच एक झाडवेडा माणूस सांगत होता की नुसतं कुंपण घाला, जनावरं आणि ससे बाहेर ठेवा, इथली झुडपं आपोआप परत येतील. 1936 पासून खाण कंपनीच्या मदतीनं तसं केलं आणि ती खरंच आली. मॉरिस 1939 मध्ये वारला, पण गावाभोवतीचा तो राखीव पट्टा आजही आहे. रस्त्यावरून दिसतो. कुंपणाच्या आत करडी-हिरवी झुडपं आणि बाहेर उघडी जमीन.

डिचोलीकर

फार मोलाची माहिती. आमच्याकडे खाणीच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ऑस्ट्रेलियात मात्र त्यांनी जिथलं तिथलंच झुडूप परत आणलं. आमच्या कोकमाला, करवंदाला कुणी अशी संधी दिली असती तर...

गिरणगाव

अवांतर होईल, पण लिहितो. माझे आजोबा आणि वडील दोघंही लालबागला गिरणीत. 18 जानेवारी 1982 चा संप आमच्या घरात अजून संपलेला नाही. ब्रोकन हिलला मी गेलो ते मुळी तिथल्या संपासाठी. 1919 ते 1920, अठरा महिने. खाणीतली धूळ, शिशाची बाधा, फुप्फुसं खलास झालेली तरणी माणसं. अठरा महिने उपाशी राहून त्यांनी आठवड्याला 35 तासांचं काम मिळवलं, तेही त्या काळात. आर्जेंट रस्त्यापासून जवळच ट्रेड्स हॉल आहे. बाहेरून नक्की बघा. मी त्याच्या पायऱ्यांवर बसून वडिलांना फोन लावला होता. "जिंकले ते?" एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटलं. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

निशिगंधा

गिरणगाव, वाचून गलबललं.

खडकपारखी

त्याच संघटनांनी पुढे कित्येक दशकं लग्न झालेल्या बायकांना गावात नोकरी करू दिली नाही, हेही त्या इतिहासात आहे. पुरुषांची कामं टिकावीत म्हणून. गावातल्या म्हाताऱ्या बायका आजही ते बोलून दाखवतात. त्यांनी मिळवलेल्या 35 तासांबद्दल मला आदर आहे आणि हा अन्यायही तेवढाच खरा वाटतो.

मुसाफिरखाना

वर्धाकाठ, गावाच्या उत्तरेला पत्र्याची छोटी मशीद आहे, तीही बघा. उंटवाल्यांची. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा या सगळ्या प्रदेशात पाणी, पीठ, लोकर, खनिज उंटांवर जायचं. उंट हाकणारे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावरकडचे, पण इथे सरसकट सगळ्यांना अफगाण म्हणायचे. ऑस्ट्रेलियाच्या मधून जाणाऱ्या 'घान' रेल्वेचं नाव त्यावरूनच. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोठ्या शोधमोहिमेसाठी 24 उंट कराचीहून जहाजानं मेलबर्नला आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे आपल्याच बंदरातून निघालेले ते उंट! ती मोहीम पुढे मेनिंडीवरून गेली, ब्रोकन हिलपासून 110 किमीवर. मशिदीत आता संग्रहालय आहे, उघडण्याची वेळ मोजकीच, आधी चौकशी करा.

तारांगण

रात्रीबद्दल कुणी बोललंच नाही! अमावास्येच्या आसपास जाता आलं तर सोन्याहून पिवळं. एप्रिलमध्ये जेवणं झाली की दक्षिणेला त्रिशंकू उंच आलेला असतो. नैर्ऋत्येला अगस्त्य. आपल्याकडे तो दक्षिण क्षितिजाशी लगटून असतो, तिथे मान वर करून बघायचा. पश्चिमेला मृग, पण डोक्यावर उभा! आईंना हे नक्की दाखवा, त्यांनी आयुष्यभर सरळ पाहिलाय. ध्रुव मात्र शोधू नका, तो क्षितिजाखाली.

त्रिशंकूच्या कुशीत एक काळा डाग दिसतो. इथल्या आदिवासींसाठी ते इमूचं डोकं, आणि आकाशगंगेतला पुढचा सगळा काळा पट्टा म्हणजे त्याची मान आणि अंग. आपण ताऱ्यांना जोडून चित्रं काढतो, त्यांनी अंधारातलं चित्र पाहिलं. एकदा दिसलं की मग दर वेळी दिसतं.

वर्धाकाठ | 19 मार्च

किती लिहिलंत सगळ्यांनी! धागा प्रिंट करून नवऱ्याच्या उशाशी ठेवला होता. संपाचा आणि इमूचा प्रतिसाद वाचून तो म्हणाला, चार रात्री करू. मेनिंडीला एक, किंचेगा राष्ट्रीय उद्यानात नदीकाठी. तिथला 1875 चा लोकर कापायचा मांडव त्याला बघायचाय.

आता आईचा प्रश्न. तिला जमिनीवरून उठता येत नाही. आणि स्वयंपाकाचं कसं? आई बाहेरचं दोन दिवसांच्या वर खात नाही.

चिंगी_आणि_मी

घडीचा स्ट्रेचर घ्या, गुडघ्याच्या उंचीचा. वर गोधडी, खाली पण गोधडी, कारण गार वारा खालून लागतो. एप्रिलमध्ये दिवसा पंचवीसच्या आसपास आणि पहाटे दहा-बारा अंश. आईंना कानटोपी.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवरच. लाकडं गोळा करू नका, राष्ट्रीय उद्यानात बंदी असते. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, कांदा-लसूण मसाला. तीन लिटरचा कुकर न्या. पहिली शिट्टी झाली की आजूबाजूचे दचकतात, दुसरीला हसतात, तिसरीला ताट घेऊन येतात.

बारका_प्रवासी

माशांची जाळी विसरू नका, टोपीवरून घालायची. आणि गाडीत दहा-पंधरा लिटर पाणी, गाडी बंद पडली तर उपयोगी पडतं. गावाबाहेर पडलं की रेंज जाते.

वर्धाकाठ | 29 एप्रिल

आलो! कालच परतलो. सगळं सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही, पण ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना सांगायलाच हवं.

कोबार ते विल्कॅनिया मुलांनी रानशेळ्या मोजल्या. 412 झाल्यावर मुलगा झोपला. शिंपला, आईला कंटाळा अजिबात आला नाही. ती म्हणाली, "मोकळं रान आहे, वर्ध्याच्या पलीकडं उन्हाळ्यात असंच दिसते."

गावातल्या पहिल्या मुक्कामाला अडचण आली. बुकिंग असूनही आमची जागा दुसऱ्याला दिलेली, संध्याकाळ झालेली. शेवटी कोपऱ्यातली एक जागा मिळाली, पण जमीन अशी कडक की तंबूच्या खुंट्या वाकल्या. शेजारच्या कॅरव्हानमधले आजोबा लोखंडी खुंट्या आणि मोठा हातोडा घेऊन आले आणि न बोलता ठोकायला लागले. नंतर कळलं, ते 31 वर्षं खाणीत होते. आईनं त्यांना चहा दिला, आलं घालून. मग मुलगी मधे बसली दुभाषी म्हणून.

पण दुभाषीची गरज कमीच लागली! आईला इंग्रजी येत नाही असं आम्ही सगळे समजत होतो. ते म्हणाले "शिफ्ट", ही म्हणाली "नाईट शिफ्ट, थर्ड शिफ्ट". ते म्हणाले "केज", ही मान डोलवून "केज, केज, हॉलेज". व्हेंटिलेशन, रूफ, सपोर्ट, लॅम्परूम, सगळे शब्द तिला येत होते. बाबा घरी हेच बोलायचे. मुलगी आजीकडे बघतच राहिली. शेवटी आईनं तिला विचारायला सांगितलं की यांची बायको रात्री झोपायची का. आजोबा म्हणाले, नाही, गाडीचा आवाज आल्याशिवाय नाही. आई म्हणाली, "विचार, सायकल नव्हती का." आमच्याकडे सायकलच्या कडीचा आवाज असायचा.

दुसऱ्या दिवशी डेड्रीम खाणीत उतरलो. सिल्व्हर्टनच्या रस्त्यावरून आत, 1880 च्या दशकातली खाण. हेल्मेट, कमरेला बॅटरी, कपाळावर दिवा. छत इतकं खाली की मुलगीसुद्धा वाकली. त्या काळी मेणबत्तीच्या उजेडात काम चालायचं आणि लहान पोरंही कामाला असायची. खाली एका जागी सगळ्यांनी दिवे बंद केले. असा अंधार मुलांनी कधी पाहिला नव्हता. मुलानं माझा हात धरला आणि विचारलं, "आजोबा रोज इथे?" मी म्हटलं, याच्यापेक्षा खूप खोल. आई वरच थांबली होती, चहा आणि स्कोन घेऊन. आम्ही वर आलो तेव्हा ती खाणीच्या तोंडाकडेच बघत उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मुलाच्या तोंडावरची धूळ तिनं पदरानं पुसली. निशिगंधा, मग साबणानं हात-तोंड धुतलं, काळजी नको!

तिसऱ्या दिवशी दगडांच्या ढिगाऱ्यावरच्या स्मारकावर गेलो. खाणीत मेलेल्यांची 800 हून जास्त नावं आहेत, आणि नावाबरोबर मरण कशानं आलं तेही. आईनं मुलीला वाचायला लावलं. मुलगी वाचत गेली, मराठी करत गेली. एका ठिकाणी अडली, "दगड पडला... म्हणजे वरून... आजी, कसं सांगू?" आई म्हणाली, "रूफ फॉल. छत बसलं. वाच पुढचं." बाबांच्या पाळीत एकदा छत बसलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. मी चौथीत होते. बाबा दोन दिवसांनी घरी आले, ते दवाखान्यात नव्हते, दोन सहकाऱ्यांना काढत होते. एकच निघाला. दुसऱ्याचं नाव आईनं तिथे उभं राहून घेतलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला पहिल्यांदा कळलं. नवरा बाजूला जाऊन उभा राहिला होता.

बाकीचं भरभर सांगते. शिल्पं मावळतीला पाहिली, तंबू तिथेच होता. मृग उलटा पाहून आई पाच मिनिटं हसत होती. इमू मुलाला आधी दिसला, आम्हाला नंतर. विमानानं रुग्णांपर्यंत जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांच्या तळावर विमान जवळून पाहिलं. मशीद बंद होती, पत्र्याच्या भिंतीला हात लावून आलो. आणि घड्याळ! अ‍ॅडलेडकर, सांगूनही आमची कार सिडनीच्या वेळेवर राहिली आणि खाणीवर अर्धा तास आधी पोचलो.

गिरणगाव

वाचलं. दोनदा वाचलं. तुमच्या मुलीला सांगा, आजीचे ते शब्द लिहून ठेव. माझ्या वडिलांचे गिरणीतले शब्द मी लिहिले नाहीत, आता त्यातले निम्मे मला आठवत नाहीत आणि विचारायला ते नाहीत.

वर्धाकाठ

सुरू केलंय. वही केलीय तिनं. 63 शब्द झालेत. 'टब', 'डिप', 'गोफ'... आई स्वयंपाक करता करता ओरडून सांगते.

खडकपारखी

'गोफ' आला म्हणजे वही अस्सल आहे. कोळसा काढून घेतल्यावर मागे राहिलेली पोकळी ती. जमलं तर इथे वेगळा धागा काढा, मी भर घालीन.

शिंपला | 2 मे

मी वर किनाऱ्यानं जा म्हटलं होतं. लांब प्रवास मला अजूनही आवडत नाही. पण माझे बाबा तुमसरजवळ मँगनीजच्या खाणीत होते आणि ते सप्टेंबरमध्ये येतायत. हे मी तेव्हा लिहिलं नाही, सुचलंच नाही. त्यांना फार चालवत नाही. त्या स्मारकापर्यंत गाडी जाते का? आणि खुंट्या कुठल्या घेतल्या?

वर्धाकाठ

जाते, ढिगाऱ्याच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून चालणं थोडंच, खुर्चीतून नेता येईल. सकाळी लवकर जा, दुपारी वारा सुटतो. खुंट्या लोखंडीच घ्या, वीतभर लांब आणि जाड, आणि चांगला वजनदार हातोडा. विमानानं जाऊन अ‍ॅडलेडहून गाडी घेतलीत तर 500 किमीच्या आसपास पडेल, बाबांना सोपं जाईल. स्ट्रेचर माझा घेऊन जा, धुऊन ठेवलाय.